कायदे कौन्सिलातील डॉ. आंबेडकर

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव घेताच राज्यघटना आणि महाडचे तळे डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात सरकारच्या जमाखर्चाचा जाब विचारणारे बाबासाहेब आमच्या ज्ञातिबांधवांस तितकेसे परिचित नसावेत. म्हणून त्यांच्या चरित्रातील तोच भाग आम्ही येथे देत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांचे वडील लष्करी शाळेत शिक्षक होते, ही गोष्ट आम्हां मास्तरमंडळीस विशेष प्रिय वाटते. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेस गेले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. प्रांताचा पैसा कोठून येतो व कोठे जातो, हे कौन्सिलात पाऊल टाकण्यापूर्वीच त्यांस पाठ होते.

१९१९ च्या सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, अबकारी ही खाती लोकप्रतिनिधींतून घेतलेल्या मंत्र्यांकडे गेली. जमीनमहसूल, पोलीस व खुद्द तिजोरी मात्र गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाच्या हाती राहिली. अशा कौन्सिलावर १९२६ च्या अखेरीस बाबासाहेबांची नेमणूक झाली. नेमणूक सरकारची खरी, पण त्यांनी सरकारची भीड धरली नाही.

२४ फेब्रुवारी १९२७ रोजी अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्याची पद्धतच अन्यायाची ठरविली. प्राप्तिकर देणाऱ्यास ठराविक उत्पन्नापर्यंत माफी असे. एकदोन एकरांच्या कुणब्यास मात्र मोठ्या जमीनदाराच्याच दराने सारा भरावा लागे.

त्याहून मर्मभेदी भाषण १२ मार्चचे, शिक्षणाच्या अनुदानावरील. त्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी मांडले. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करी आणि दारूच्या उत्पन्नापोटी माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करी. अबकारीतून जितके घेता तितके तरी शिक्षणावर खर्चा, एवढीच त्यांची मागणी होती. शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठराच चौथीपर्यंत पोहोचतात, हेही त्यांनी दाखविले. पहिलीचा गजबजलेला वर्ग आणि चौथीची मोकळी बाके आम्ही स्वतः पाहिली आहेत, त्यामुळे हा आकडा आम्हांस कोरडा वाटत नाही. त्या गतीने शाळायोग्य वयाचे सर्व मुलगे शिकण्यास चाळीस वर्षे व मुली शिकण्यास तीनशे वर्षे लागतील, असाही हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला.

केवळ ठराव करून भागत नाही, हे त्यांस पक्के ठाऊक होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करणारा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव याच कौन्सिलाने १९२३ साली संमत केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तो स्वीकारला होता. पाणी मात्र कोणी पिऊ देत नव्हते. अनुदानावरील त्या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब चवदार तळ्यावर उतरले.

पुढे १९३७ साली ते मुंबईच्या विधानसभेत निवडून आले व खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले.

आमचा मराठवाडा त्या काळी निजामाच्या अमलाखाली होता. येथील रयतेस असा जाब विचारण्याची सोय नव्हती. स्वातंत्र्यानंतर बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. त्याची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी बसविली. पुढे तेच मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले.