अनेक विद्याशाखा, एक ध्येय : डॉ. विक्रम साराभाई

भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक म्हणून डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु अग्निबाणांच्या तेजात त्यांच्या जीवनकार्याचा दुसरा पैलू काहीसा झाकोळला गेला. उद्योगाची व समाजाची गरज प्रथम ओळखावी आणि मग त्या गरजेभोवती निरनिराळ्या विद्याशाखांची माणसे एकत्र आणून संस्था उभी करावी, ही त्यांची कार्यपद्धती होती. आजच्या उच्च शिक्षणात ज्या आंतरविद्याशाखीय दृष्टीचा गौरव होतो, ती त्यांनी स्वातंत्र्याच्या पहाटेच कृतीत उतरविली होती.

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या एका संपन्न जैन कुटुंबात विक्रमभाईंचा जन्म झाला. वडील अंबालाल हे नामांकित गिरणीमालक. आई सरलादेवी शिक्षणाविषयी विशेष आस्था बाळगणाऱ्या. मुलांसाठी घरातच उभारलेल्या शाळेत त्यांचे प्रारंभीचे शिक्षण झाले. पुढे ते केंब्रिजला गेले. महायुद्धामुळे मायदेशी परतल्यावर बंगळूर येथे डॉ. सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास केला. १९४७ मध्ये केंब्रिजची पीएच. डी. संपादून ते परतले आणि त्याच वर्षी अहमदाबादेत महाविद्यालयाच्या काही खोल्यांत भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचा श्रीगणेशा झाला.

ज्या नगरीने साराभाई घराण्यास वैभव दिले, त्या नगरीचे ऋणही फेडावयाचे होते. अहमदाबादच्या कापडगिरण्या पिढीजात अनुभवावर चालत. मागावर सूत वारंवार का तुटते, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु त्याचे उत्तर तंतूच्या भौतिकशास्त्रात, खळीच्या रसायनशास्त्रात, मोजमापाच्या संख्याशास्त्रात आणि मागापाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या थकव्यात विखुरलेले असते. एकट्या शास्त्राला ते सापडत नाही. कस्तुरभाई लालभाई आदी उद्योगपतींच्या साह्याने १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘अटिरा’ या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची धुरा विक्रमभाईंनी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी स्वीकारली. त्यांनी निवडलेल्या अनेक तरुण संशोधकांना गिरणीचा अनुभव नव्हता. जाणत्यांना हे धाडस वाटले. विक्रमभाईंना मात्र खुल्या मनाने प्रश्न विचारणारी माणसे हवी होती. भौतिक व रसायनशास्त्रज्ञांच्या जोडीला त्यांनी मानसशास्त्रालाही स्थान दिले आणि त्या विभागाची जबाबदारी कमला चौधरी यांच्यावर सोपविली. यंत्राइतकाच यंत्र चालविणारा माणूसही अभ्यासाचा विषय ठरला.

तथापि संशोधन झाले तरी ते अंगीकारणारे व्यवस्थापक नसतील तर ते कागदावरच राहते. या जाणिवेतून व्यवस्थापन शिक्षणाचा विचार पुढे आला. अशा संस्थेसाठी प्रारंभी मुंबईचे नाव पुढे होते. परंतु विक्रमभाई व कस्तुरभाई यांच्या प्रयत्नांमुळे १९६१ मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था अहमदाबादेत स्थापन झाली. केंद्र सरकार, गुजरात राज्य आणि उद्योगजगत यांचे सहकार्य तिला लाभले. हार्वर्डच्या व्यवसाय विद्यालयाशी तिचे शैक्षणिक नाते जुळले. प्रत्यक्ष व्यवहारातील प्रसंग वर्गात मांडून त्यावर विद्यार्थ्यांनी निर्णय घ्यावा, ही अध्यापनपद्धती तेथे रुजली. प्रत्यक्ष प्रसंगाला विषयांच्या भिंती नसतात. त्यात हिशेबही असतो, बाजारपेठही असते आणि माणसांचे रागलोभही असतात. विशेष म्हणजे, कारखानदारीपुरते न थांबता शेती व सहकार या क्षेत्रांच्या अभ्यासालाही त्या संस्थेने प्रारंभीच्या वर्षांतच स्थान दिले.

विज्ञान शाळेतील मुलांपर्यंत पोहोचावे, यासाठी १९६६ मध्ये सामुदायिक विज्ञान केंद्र उभे राहिले. शिक्षक, शास्त्रज्ञ व विद्यार्थी तेथे एकत्र येऊ लागले. अवकाश कार्यक्रमातही हीच दृष्टी होती. उपग्रहाद्वारे खेड्यांपर्यंत शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम पोहोचविण्याच्या योजनेत अभियंत्यांबरोबर समाजशास्त्रज्ञ आणि कार्यक्रम निर्मातेही सहभागी झाले. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत ही योजना साकार झाली. परंतु तिचे स्वप्न पाहणारे डोळे तत्पूर्वीच मिटले होते. ३० डिसेंबर १९७१ रोजी केरळात, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

पद्मभूषण व मरणोत्तर पद्मविभूषण हे सन्मान त्यांना लाभले. परंतु त्यांच्या कार्याची खरी थोरवी संस्था उभारून इतरांच्या हाती सोपविण्यात आहे. व्यवस्थापन संस्थेचे मानद संचालकपद त्यांनी प्रारंभीची वर्षे सांभाळले आणि १९६५ मध्ये पूर्णवेळ संचालक म्हणून रवी मथाई या तुलनेने तरुण प्राध्यापकाकडे सूत्रे गेली. नावाचा व पदाचा मोह न ठेवता स्वतःच्या हातांनी लावलेल्या रोपाची निगा दुसऱ्याकडे देणे, हाही अपरिग्रहच होय.

वस्तूला अनेक अंगे असतात आणि एकाच अंगाचे ज्ञान हे पूर्ण ज्ञान नव्हे, हे अनेकांताचे तत्त्व जैन समाजाला परिचित आहे. त्या तत्त्वाला साजेसे रूप विक्रमभाईंच्या संस्थांमध्ये दिसते. शिक्षणासाठी दान देणाऱ्या हातांनी इमारतीच्या बरोबरीने एक प्रश्नही विचारावा : येथून बाहेर पडणारा विद्यार्थी कोणाच्या कोणत्या गरजेला उपयोगी पडणार आहे? या प्रश्नाचा प्रामाणिक शोध घेणे, हीच त्या कर्मयोग्याला खरी आदरांजली ठरेल.