सॅम्युएल इझिकेल दिवेकर

सॅम्युएल इझिकेल दिवेकर ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर (मृत्यू: १७९७, कोची) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील बेने इस्रायली अधिकारी होते. त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत बेने इस्रायली समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले.

पार्श्वभूमी

कोकणातील बेने इस्रायली लोक पिढ्यानपिढ्या गावोगाव विखुरलेले होते. ज्या गावी वस्ती केली त्या गावावरून केहिमकर, राजपूरकर, दिवेकर अशी आडनावे त्यांनी घेतली. तेल गाळणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय होता. शब्बाथ पाळण्यासाठी ते शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शनिवारचा विसावा, मुलग्यांची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही एकेश्वरत्वाची प्रार्थना त्यांनी जपली होती. नव्याचा सण, दारफाळणीचा सण अशा मराठी नावांनी ते आपले सण साजरे करीत. मात्र त्यांच्याकडे प्रार्थनामंदिर नव्हते आणि तोराची गुंडाळीही नव्हती. सारा धर्म घरातल्या रीतींतून आणि मौखिक परंपरेतून चालत आला होता.

लष्करी सेवा व कैद

अठराव्या शतकात अनेक बेने इस्रायली कुटुंबे मुंबईत येऊन कंपनीच्या सैन्यात दाखल झाली. दिवेकरही त्यांपैकीच होते. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७८०–१७८४) ते म्हैसूरच्या सैन्याच्या हाती सापडले. समाजाच्या परंपरेनुसार, कैद्यांना मारण्याचा विचार चालू असता दिवेकरांनी आपण बेने इस्रायली असल्याचे सांगितले. हे नाव कुराणात येत असल्याने टिपू सुलतानाच्या आईने त्यांच्यासाठी रदबदली केली व त्यांचा जीव वाचला. सुटका झाल्यास ईश्वराचे मंदिर बांधीन, असा नवस त्यांनी कैदेत केला होता, असेही ही परंपरा सांगते.

सिनेगॉगची उभारणी

मुंबईत परतल्यावर दिवेकरांनी मांडवी भागात १७९६ मध्ये सिनेगॉग बांधले. त्याचे हिब्रू नाव ‘शआर हारहामीम’, म्हणजे ‘करुणेचे द्वार’ असे आहे. समाजात ते ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले जाते. बेने इस्रायली लोक प्रार्थनामंदिराला मशीद म्हणत.

ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते. सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथला तोराचे जाहीर वाचन होते. त्यामुळे घरोघर चालणाऱ्या आचरणाला या वास्तूने प्रथमच एक सामायिक स्थान दिले.

मृत्यू

वास्तू उभी राहिली तरी वाचनासाठी तोराची गुंडाळी आवश्यक होती. ती प्रशिक्षित लेखकाने चर्मपत्रावर हाताने लिहिलेली असावी लागते, आणि असा लेखक कोकणात नव्हता. कोचीच्या ज्यू समाजाकडे मात्र जुनी सिनेगॉगे व हिब्रूचे जाणकार होते. म्हणून दिवेकर गुंडाळी आणण्यासाठी कोचीला गेले. तेथेच १७९७ मध्ये त्यांचे निधन झाले. सिनेगॉगच्या उभारणीनंतर त्यांना जेमतेम एकच वर्ष लाभले.

वारसा

एकोणिसाव्या शतकात कोचीहून आलेल्या शिक्षकांनी व हझानांनी बेने इस्रायली लोकांना हिब्रू प्रार्थना शिकवल्या. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी त्या मराठीत आणल्या. सिनेगॉग १८६० मध्ये सध्याच्या जागी हलवण्यात आले. ज्या रस्त्यावर ते आहे, तो सॅम्युअल स्ट्रीट दिवेकरांच्या नावाने ओळखला जातो. जवळच्या मस्जिद या उपनगरी रेल्वे स्थानकाचे नावही या ‘जुन्या मशिदी’वरून पडले, असे मानले जाते. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला स्थलांतरित झाला.