टिळकांना मंडालेला धाडणारे ते ९ ज्युरी कसे निवडले गेले?

२२ जुलै १९०८. मुंबई हायकोर्टात रात्रीचे जवळपास दहा वाजले होते. ज्युरींनी ७ विरुद्ध २ मतांनी लोकमान्य टिळकांना राजद्रोहात दोषी ठरवलं. शिक्षा ६ वर्षं काळं पाणी आणि १ हजार रुपये दंड. दुसऱ्याच दिवशी टिळकांचा ५२ वा वाढदिवस होता.

पण हा निकाल समजून घ्यायचा तर खटला उभा राहण्याआधी काय झालं ते पाहावं लागतं.

२३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत जन्मलेले टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर. ज्युरी म्हणजे काय, हे त्यांनी १८९७ मध्येच अनुभवलं होतं. रँडच्या खुनानंतर त्यांच्यावर राजद्रोहाचा पहिला खटला चालला. ज्युरीत ६ युरोपियन, ३ भारतीय. निकाल लागला ६ विरुद्ध ३. शिक्षा, दीड वर्ष सक्तमजुरी.

११ वर्षांनी तेच पुन्हा घडलं. ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला बॉम्ब फुटला, दोन इंग्रज स्त्रिया मारल्या गेल्या. मुंबईतला गोरा समाज हादरला होता. अशात 'केसरी'तल्या अग्रलेखांवरून २४ जूनला टिळकांना अटक झाली. बॅरिस्टर जिनांनी जामीन मागितला, पण न्यायमूर्ती दावर यांनी तो नाकारला. हेच दावर १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी लढले होते!

मग सरकारनं 'स्पेशल ज्युरी' मागितली. ही यादी मालमत्ता, शिक्षण, प्रतिष्ठा बघून केलेली, त्यामुळे त्यात युरोपियनांचा भरणा. टिळकांच्या बाजूनं जोसेफ बॅप्टिस्टांनी विरोध केला. लेख मराठीत आहेत, मराठी न कळणारे लोक त्यांचा अर्थ कसा ठरवणार, हा साधा प्रश्न होता. तरीही कोर्टानं सरकारची मागणी मान्य केली.

तसं पाहिलं तर कायद्यात पूर्वग्रहावर उपाय होता. पक्षपाती वाटणाऱ्या ज्युरीवर आक्षेप घेता यायचा. हायकोर्टात तर कारण न देताही दोन्ही बाजूंना प्रत्येकी ८ नावं नाकारता यायची. पण मूळ यादीच एका बाजूला झुकलेली असेल, तर एक नाव गाळून येणारं दुसरं नावही त्याच यादीतलं. शिवाय अमेरिकेसारखी ज्युरींना प्रश्न विचारून त्यांची मतं तपासायची पद्धत इथं नव्हती.

शेवटी बसले ७ युरोपियन आणि २ पारशी. त्यांच्यासमोर होती लेखांची इंग्रजी भाषांतरं. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, २१ तासांहून जास्त. भाषांतरातल्या चुका दाखवल्या, पूर्वग्रह बाजूला ठेवून विचार करा अशी विनंतीही केली. निकाल आला ७ विरुद्ध २. ज्युरीतल्या युरोपियन आणि भारतीयांचा आकडाही तोच!

निकालानंतर मुंबईतल्या गिरणी कामगारांनी ६ दिवस संप केला. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिलं आणि १९१४ मध्ये ते सुटले. १९१६ मध्ये सरकारनं त्यांच्या भाषणांवरून पुन्हा कारवाई केली. यावेळी हायकोर्टात प्रकरण ज्युरीपुढे नाही, तर दोन न्यायमूर्तींपुढे गेलं. आणि टिळक जिंकले.

१ ऑगस्ट १९२० ला मुंबईत त्यांचं निधन झालं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच राहिली नाही. पण गाजलेल्या खटल्यात निवाडा करणारे कोण, आणि त्यांना कोणी निवडलं, हा टिळकांच्या खटल्यानं विचारलेला प्रश्न मात्र जुना झालेला नाही.