नेपियरची वीस वर्षे

दरसाल दरशेकडा ८ या दराने चक्रवाढ व्याजावर ठेवलेली रक्कम किती वर्षांत दामदुप्पट होईल, हा प्रश्न दिसावयास साधा. परंतु येथे अज्ञात संख्या घातांकाच्या जागी जाऊन बसलेली असते आणि नेहमीच्या अंकगणिताचा हात तेथवर पोचत नाही. २ च्या लॉगरिथमला १.०८ च्या लॉगरिथमने, म्हणजे ०.३०१० ला ०.०३३४ ने भागले की उत्तर मिळते: सुमारे ९ वर्षे. हा भागाकार ज्याच्यामुळे शक्य झाला, त्या जॉन नेपियरला घातांकाची आजची कल्पना मात्र अवगत नव्हती.

एडिंबरोजवळील मर्चिस्टनच्या गढीत १५५० साली जन्मलेला हा स्कॉटिश जमीनदार पेशाने गणिती नव्हता. धर्मवादात त्याचे मन अधिक रमे. बायबलातील प्रकटीकरणाचा अर्थ लावणारा ग्रंथ त्याने १५९३ साली प्रसिद्ध केला आणि जगाचा अंत १६८८ ते १७०० च्या दरम्यान होईल असा हिशेब मांडला. जगाचे आयुष्य शंभर वर्षांचेच उरले आहे असे मानणाऱ्या माणसाने इतरांची आकडेमोड वाचविण्यासाठी स्वतः सुमारे वीस वर्षे आकडेमोड करावी, हे विलक्षणच म्हटले पाहिजे.

ग्रहगणित करणाऱ्यांना त्या काळी सात-सात अंकी संख्यांचे गुणाकार हाताने करावे लागत. त्यावर नेपियरने दोन बिंदू कल्पिले. एक समान वेगाने चालतो. दुसऱ्याचा वेग, त्याचे जितके अंतर उरले असेल त्या प्रमाणात घटत जातो. पहिल्याने कापलेले अंतर हा दुसऱ्याच्या उरलेल्या अंतराचा लॉगरिथम. या कल्पनेवर उभारलेली नव्वद पृष्ठांची कोष्टके १६१४ साली लॅटिन ग्रंथात प्रसिद्ध झाली. लॉगरिथम म्हणजे घातांक, ही सोयीची व्याख्या ऑयलरच्या १७४८ च्या ग्रंथाने रूढ केली. पाठ्यपुस्तके तेथूनच आरंभ करतात, आणि मग ही खटपट कोणी कशासाठी केली हे विद्यार्थ्याला कधी कळतच नाही. गणकयंत्राची कळ दाबणाऱ्याला तर ते कळण्याचा संभव आणखीच कमी.

स्वित्झर्लंडच्या योस्ट ब्यूर्गीनेही स्वतंत्रपणे अशीच कोष्टके रचली होती. पण ती १६२० साली छापली गेली, आणि श्रेय नेपियरला मिळून चुकले होते.

ग्रंथ हाती पडताच लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजातील भूमितीचा प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज १६१५ च्या उन्हाळ्यात एडिंबरोस गेला. १ चा लॉगरिथम शून्य आणि पाया १० असावा, यावर दोघांचे एकमत झाले. नवी कोष्टके रचण्याइतकी प्रकृती नेपियरला राहिली नव्हती; १६१७ च्या एप्रिलमध्ये तो वारला. ब्रिग्जने १६२४ साली तीस हजार संख्यांचे लॉगरिथम चौदा दशांश स्थळांपर्यंत दिले. वीस हजार ते नव्वद हजारांमधील राहिलेली जागा डच प्रकाशक आद्रियान व्लाक याने १६२८ साली दहा स्थळांपर्यंत भरून काढली.