सिव्हिल सोडून सावल्यांकडे : फ्रिट्झ लांग

आपली ब्रँच चुकली असं हॉस्टेलवर प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच. फ्रिट्झ लांगचं तर अख्खं कॉलेजच चुकलं होतं! ५ डिसेंबर १८९० ला व्हिएन्नात जन्म, वडील बांधकाम व्यवसायात, म्हणून स्वारी सिव्हिलला गेली. थोड्याच काळात ते सोडून चित्रकलेकडे वळली. पहिल्या महायुद्धात जखमी झाल्यावर हॉस्पिटलात पडल्या पडल्या त्याने पटकथा लिहायला घेतल्या.

पुढे बर्लिनमध्ये त्याने यंत्रांना जुंपलेल्या माणसांचा 'मेट्रोपोलिस' (१९२७) काढला. त्याच्या खर्चाने उफा कंपनीचं कंबरडं मोडलं. मग आला 'एम' (१९३१). लहान मुलांच्या खुन्याला पकडण्यासाठी इनामाचं पोस्टर लागलंय आणि त्यावर त्या खुन्याचीच सावली पडते!

१९३३ मध्ये नाझींनी त्याच्या पुढच्या सिनेमावर बंदी घातली. त्याच वर्षी पत्नी आणि पटकथालेखिका थेआ फॉन हार्बूशी घटस्फोट झाला. (तिने नंतर आयी तेंडुलकर या मराठी माणसाशी लग्न केलं.) गोबेल्सला भेटून आपण त्याच रात्री जर्मनीतून पळालो, असं लांग रंगवून सांगायचा. पासपोर्टवरचे शिक्के मात्र सांगतात की काही महिने त्याचं येणं-जाणं चालूच होतं.

१९३४ मध्ये तो अमेरिकेत पोचला. सावल्याही बरोबर गेल्या. गुन्हा, रात्र आणि साध्या माणसाच्या आतला अंधार दाखवणाऱ्या हॉलिवूडपटांना १९४६ मध्ये फ्रेंच समीक्षकांनी 'फिल्म न्वार', म्हणजे काळा सिनेमा, हे नाव दिलं. लांगचा 'द बिग हीट' (१९५३) हा त्यातला अस्सल नमुना.

बॅनियन हा प्रामाणिक पोलीस. त्याच्यासाठी गाडीत ठेवलेल्या बॉम्बने बायको मरते. तो सूडाला पेटतो. एक गुंड आपल्याच मैत्रिणीच्या, डेबीच्या, तोंडावर उकळती कॉफी फेकतो. मग बॅनियनला जो खून करवत नाही, तो डेबी करते. सिनेमा संपेपर्यंत चार बायका जिवानिशी जातात आणि बॅनियन स्वच्छ हातांनी पुन्हा नोकरीवर हजर! पडदा पडल्यावर डोक्यात भुंगा लागतो : हा जिंकला खरा, पण किंमत कोणी मोजली?

शेवटी लांगची दृष्टी जवळजवळ गेली होती. २ ऑगस्ट १९७६ ला तो बेव्हर्ली हिल्समध्ये वारला. २०११ मध्ये 'द बिग हीट' अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत दाखल झाला.

सबमिशन संपलं की एका रात्री दिवे मालवून बघा. बॅनियनसाठी टाळ्या वाजवताना हात जरा अडखळतील. लांगला नेमकं तेच हवं होतं.