विनोबांचे अखेरचे सात दिवस

५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारच्या आश्रमात विनोबा भावे यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी उपचार सुरू केले, त्यांना प्रतिसादही मिळू लागला. तीन दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही घेणे थांबवले. डॉक्टरांनी आणि सहकाऱ्यांनी विनवण्या केल्या, पण ते बदलले नाहीत. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी सकाळी, वयाच्या ८७व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्या काळी भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा होता. विनोबांवर कोणी खटला भरला नाही. अंत्यसंस्काराला पंतप्रधान इंदिरा गांधी आल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. ज्या कृतीला कायद्याच्या पुस्तकात शिक्षा होती, तिला देशाने आदराने निरोप दिला. ही विसंगती नेमकी कुठून येते, हे विनोबांचे आयुष्य पाहिले की कळू लागते.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. शिक्षण बडोद्यात झाले. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. त्याच वर्षी त्यांची गांधीजींशी भेट झाली. १९२१ पासून वर्धा हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

शरीराकडे पाहण्याची त्यांची दृष्टी लहानपणापासूनच कठोर होती. १९३८ मध्ये प्रकृती इतकी ढासळली की गांधीजींना काळजी वाटू लागली. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याऐवजी विनोबा वर्ध्याजवळच, धाम नदीकाठी पवनारला राहायला गेले, मोकळ्या हवेत कुदळ चालवू लागले आणि त्यांचे वजन वाढू लागले. पुढे पोटाच्या व्रणामुळे त्यांचा आहार दही, दूध, मध अशा मोजक्या पदार्थांवर आला. काय खायचे, किती खायचे आणि केव्हा थांबायचे, याचा हिशेब ते आयुष्यभर स्वतः ठेवत आले.

स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. श्रोत्यांत सत्याग्रही होते, तसे इतर गुन्ह्यांतले कैदीही होते. हा अनुभव पुढे चंबळच्या खोऱ्यात उपयोगी पडला.

त्याआधी, भूदान पदयात्रा बिहारमध्ये असताना, डिसेंबर १९५२ मध्ये चांडिल येथे त्यांना घातक प्रकारचा मलेरिया झाला. ताप उतरेना. औषध हाताशी होते, पण त्यांनी ते नाकारले. आजार आला आहे तो ईश्वराच्या इच्छेने, तो जाईल तोही तसाच, अशी त्यांची धारणा होती. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आणि बिहारचे मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह यांच्यासह अनेकांनी आग्रह धरला. अखेर विनोबांनी औषध घेतले, ताप उतरला आणि यात्रा पुन्हा सुरू झाली.

वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अंगाने चांडिलचा प्रसंग महत्त्वाचा आहे. मलेरिया औषधाने बरा होतो. रुग्ण ५७ वर्षांचा होता आणि त्याच्या हातून बरेच काम व्हायचे होते. तरीही कोणी त्यांना धरून औषध पाजले नाही; समजावले, वाट पाहिली. नकार देणारा रुग्ण शुद्धीवर आणि विचार करण्यास समर्थ असेल, तर त्याचे मन वळवता येते, त्याच्यावर बळजबरी करता येत नाही. आज हे तत्त्व प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकवले जाते.

मे १९६० मध्ये विनोबा चंबळच्या खोऱ्यात पोहोचले. मानसिंग या कुख्यात दरोडेखोराचा मुलगा तहसीलदारसिंग तेव्हा नैनीच्या तुरुंगात फाशीची वाट पाहत होता. त्यानेच विनोबांना पत्र लिहून भेटीची इच्छा कळवली होती. विनोबांनी मेजर जनरल यदुनाथसिंग यांना त्याच्याकडे पाठवले आणि तिथून शरणागतीची वाट निघाली. लुक्का म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकमनसह २० दरोडेखोरांनी विनोबांपुढे शस्त्रे ठेवली.

विनोबांनी त्यांना सुटकेचे आश्वासन दिले नाही. खटले चालतील, शिक्षा होईल ती भोगावी लागेल, फक्त छळ होणार नाही आणि मागे राहिलेल्या कुटुंबांकडे लक्ष दिले जाईल, एवढाच शब्द होता. मध्य प्रदेशचे तेव्हाचे पोलिसप्रमुख के. एफ. रुस्तमजी यांना हा मार्ग पटला नाही. ज्या गावांनी खून आणि अपहरणे सोसली, ज्या पोलिसांनी जीव धोक्यात घातला, त्यांच्या डोळ्यांदेखत दरोडेखोरांना मान मिळतो, हा आक्षेप पोकळ नव्हता. तहसीलदारसिंगची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली. जीव घेणाऱ्याचाही जीव सरकारने घेऊ नये, ही विनोबांची भूमिका होती. फाशीवरचा वाद आजही याच दोन बाजूंमध्ये अडकलेला आहे.

विनोबांच्या उपवासांकडे पाहताना मात्र एक फरक लक्षात ठेवावा लागतो. २२ एप्रिल १९७९ रोजी त्यांनी पश्चिम बंगाल व केरळमध्ये गोहत्याबंदी व्हावी म्हणून उपवास सुरू केला. पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या आश्वासनानंतर तो पाचव्या दिवशी सुटला. जानेवारी १९८२ मध्ये त्यांच्याच सांगण्यावरून मुंबईच्या पूर्व उपनगरात, देवनारच्या कत्तलखान्यासमोर सत्याग्रह सुरू झाला. १९७९ च्या उपवासात मागणी होती आणि समोर सरकार होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये मागणीही नव्हती आणि समोर कोणी प्रतिपक्षही नव्हता. वृद्ध, आजारी माणूस आपले शरीर आता पुरे झाले असे मानत होता. आपल्या परंपरेत याला प्रायोपवेशन म्हणतात.

अन्न आणि पाणी दोन्ही बंद झाल्यावर शरीरात काय घडते, हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत साठवलेली साखर संपते आणि शरीर चरबी वापरू लागते. त्यातून तयार होणाऱ्या कीटोन द्रव्यांमुळे भुकेची जाणीव अनेकदा मंदावते. तहान आणि तोंडाची कोरड हा मुख्य त्रास असतो. पुढे मूत्रपिंडांचे काम घटते, रक्तात टाकाऊ द्रव्ये साचतात, गुंगी वाढते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांमध्ये हा काळ साधारण एक ते दोन आठवड्यांचा असतो. विनोबांचे सात दिवस या चौकटीत बसतात. आधीच दुखावलेल्या हृदयाचाही त्यात वाटा असणार. असे मरण सोपेच असते असे नाही. म्हणून तोंड ओलसर ठेवणे, वेदना व अस्वस्थता कमी करणे ही शुश्रूषा शेवटपर्यंत लागते.

विनोबांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी ३०९ कलम मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. मानसिक आजाराने ग्रासलेल्या, मुंबई पोलिस दलातील एका शिपायाने जीव देण्याचा प्रयत्न केला होता आणि त्याच्यावर खटला भरला गेला होता. सप्टेंबर १९८६ मध्ये न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. ज्याला उपचार हवेत त्याला तुरुंग कशासाठी, हा या निकालामागचा माणुसकीचा प्रश्न होता. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच दिशा घेतली. १९९६ मध्ये ग्यानकौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती बदलली. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, मात्र नैसर्गिक मृत्यूची प्रक्रिया सुरू झाली असेल तर सन्मानाने मरणे हा सन्मानाने जगण्याचाच भाग ठरू शकतो, असा तो निर्णय होता. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातील २०११ चा निकाल आणि २०१८ चा ‘कॉमन कॉज’ निकाल याच वाटेने पुढे गेले.

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांत जैन कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या धर्मातील संथारा व्रताला राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये आत्महत्या ठरवले, तेव्हा विनोबांचे उदाहरण पुन्हा चर्चेत आले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. टीकाकारांचा प्रश्न तरीही उरतो. घरातल्या वृद्धेने खरोखर स्वतःच्या इच्छेने अन्न सोडले, की आपण ओझे झालो आहोत असे तिला वाटू दिले गेले? विनोबांभोवती डॉक्टर होते, सहकारी होते, आणि सगळे त्यांना थांबवू पाहत होते. प्रत्येकाच्या वाट्याला असे लोक येत नाहीत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ कलम उरलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न मात्र २२६ कलमाखाली गुन्हा आहे. विनोबांचे दोन उपवास या नव्या चौकटीत ठेवले, तर १९७९ च्या उपवासावर वाद होऊ शकेल; १९८२ च्या प्रायोपवेशनाला ते कलम लागू होणार नाही.

डॉक्टरांना आजही मृत्यू घडवून आणता येत नाही. निरुपयोगी ठरलेले उपचार थांबवता येतात. त्यासाठी प्रौढ, सुजाण व्यक्तीला आधीच वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवता येते. २०२३ च्या सुधारित नियमांनुसार त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. प्रत्यक्ष वेळ आल्यावर डॉक्टरांची दोन मंडळे प्रकृती तपासून मत देतात. मुंबईत अशी इच्छापत्रे सांभाळण्याची जबाबदारी महापालिकेने विभागांतील आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिली आहे. अंधेरी किंवा बोरिवलीतल्या अतिदक्षता विभागाबाहेर मुलांनी आपसांत भांडत बसण्यापेक्षा, आई-वडील बोलू शकतात तोवर हा विषय घरात निघालेला बरा.

वृद्ध माणूस जेवण नाकारू लागला की लगेच प्रायोपवेशनाचा विचार करू नये. नैराश्य, गिळण्यातला त्रास, दातांचे दुखणे, औषधांचे दुष्परिणाम यांपैकी काहीही कारण असू शकते आणि त्यातले बरेच बरे होते. जगणे नकोसे वाटत असेल, तर सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते. चांडिलला विनोबांनीही आग्रहाला मान देऊन औषध घेतले होते, आणि त्यानंतर ते जवळजवळ ३० वर्षे जगले.