पोपट नव्हे, माणूस – कार्ल रॉजर्स

मंडळी, सुरुवात आमच्या धंद्यातल्या एका जुन्या गोष्टीनं करतो. १९६६ साली एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा एक प्रोग्राम प्रसिद्ध केला. तुम्ही टाइप करायचं की आईची आठवण येते, की तो विचारणार, आईबद्दल आणखी सांगा. प्रोग्रामला आई म्हणजे काय हे ठाऊक नाही. तो फक्त तुमच्या वाक्यातले शब्द उचलून, उलटसुलट करून परत पाठवतो. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना आम्ही चौघांनी त्याची नक्कल करून एक छोटा प्रोग्राम लिहिला होता आणि लॅबमध्ये पोट धरून हसलो होतो. सरांनी तेव्हा सांगितलं होतं की वायझेनबॉमनी यात कार्ल रॉजर्स नावाच्या समुपदेशकाची ढब उचलली आहे. झालं! माझ्या डोक्यात रॉजर्स म्हणजे समोरच्याचं वाक्य परत म्हणणारा पोपट, हे पक्कं बसलं.

पुढे इकडे आलो, शिकागोत स्थिरावलो. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि बाबा सांगलीत एकटे राहिले. दर शनिवारी सकाळी आठला माझा फोन, म्हणजे त्यांच्याकडे दिवेलागणीची वेळ. बाबा म्हणायचे, झोप लागत नाही. मी म्हणायचो, संध्याकाळी फिरायला जा, दुपारचा चहा बंद करा, डॉक्टरांना दाखवा. अगदी सपोर्ट कॉलसारखं! प्रॉब्लेम आला की सोल्यूशन तयार. सात-आठ मिनिटांत बाबा, बरं, ठेवतो म्हणायचे. तिकीट क्लोज झाल्याचं मला समाधान. हळूहळू बाबांनी झोपेबद्दल बोलणंच सोडून दिलं.

त्याच सुमारास एका मित्राच्या आग्रहानं इथल्या एका हेल्पलाइनच्या स्वयंसेवक प्रशिक्षणाला गेलो. पहिल्याच दिवशी नाव आलं कार्ल रॉजर्स. मी मनात म्हटलं, अरे, हा तर आपला पोपट! म्हणून उत्सुकतेनं त्यांचं चरित्र वाचलं आणि पार वेगळाच माणूस भेटला.

रॉजर्स आपल्या शिकागोचेच. ८ जानेवारी १९०२ रोजी ओक पार्कमध्ये जन्म, सहा भावंडांत चौथे. वडील सिव्हिल इंजिनिअर. घर खाऊनपिऊन सुखी, पण अतिशय कर्मठ. पत्ते, सिनेमा, नाच सगळं वर्ज्य. आयुष्यात पहिल्यांदा सोडावॉटर प्यायल्यावरसुद्धा त्यांना काहीतरी पाप केल्यासारखं वाटलं होतं म्हणे! घरात प्रेम भरपूर, पण मनातलं बोलायची सोय नाही. बोललो तर आपली पारख होणार आणि आपण कमी पडणार, ही भीती. मुलं बारा-तेरा वर्षांची होईतो वडिलांनी शहराच्या पश्चिमेला तीसेक मैलांवर शेत घेतलं आणि कुटुंब तिकडे हललं. मुलांना शहराचं वारं लागू नये हा त्यामागचा एक हेतू. कार्ल तिथं एकटाच पतंग-किडे पाळायचा आणि शास्त्रीय शेतीची जाडजूड पुस्तकं वाचायचा. प्रयोग करून खात्री करायची, ही सवय तिथली.

१९१९ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात ते शेतकी शिकायला गेले आणि धर्मोपदेशक व्हायचं म्हणून इतिहासाकडे वळले. १९२२ साली ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या जागतिक परिषदेसाठी चीनला जायची संधी मिळाली. प्रवास सहा महिन्यांहून जास्त. त्यात निरनिराळ्या देशांचे, विचारांचे लोक भेटले आणि घरच्या श्रद्धांना तडे गेले. नवे विचार ते प्रामाणिकपणे पत्रातून घरी कळवत राहिले. पण टपाल बोटीनं जायचं! आईवडिलांची नाराजी पोहोचेपर्यंत मुलाचे विचार पक्के झालेले असत. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचून हसूही येतं आणि थोडं टोचतंही.

१९२४ मध्ये पदवी घेतली आणि बालमैत्रीण हेलनशी लग्न करून न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले. दोन वर्षांत लक्षात आलं की माणसांना मदत करायची आहे, पण अमुकच मानलं पाहिजे अशा चौकटीत राहून नाही. मग रस्ता ओलांडून समोरच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्र शिकायला गेले.

१९२८ पासून बारा वर्षं त्यांनी रॉचेस्टर शहरात अडचणीतल्या मुलांसाठी काम केलं. इथली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एका व्रात्य मुलाची आई त्यांच्याकडे यायची. रॉजर्स यांचं निदान तयार होतं: लहानपणी आईनं मुलाला झिडकारलं, हे मूळ. आठवडे गेले, ते तिला परोपरीनं समजावत राहिले, काही उपयोग नाही. शेवटी त्यांनी हात टेकले आणि हे थांबवू या असं सुचवलं. बाईंनाही पटलं. निरोप घेऊन त्या दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि इथे मोठ्या माणसांनाही सल्ला देता का, असं विचारलं. हो म्हटल्यावर परत येऊन बसल्या आणि आपल्या मोडकळीला आलेल्या संसाराची कहाणी सांगू लागल्या. इतके दिवस दिलेल्या नीटनेटक्या केस हिस्टरीपेक्षा ती अगदी वेगळी होती. रॉजर्स यांना काय करावं कळेना, म्हणून ते बहुतेक वेळ नुसते ऐकत राहिले. पुढच्या भेटींत बाई सावरल्या आणि मुलगाही सुधारला. कुठं दुखतंय हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असतं, हा धडा त्यांनी जन्मभर जपला.

१९४० मध्ये ते ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी जे केलं ते ऐकून कुठलाही इंजिनिअर खूश होईल. त्यांनी समुपदेशनाच्या संभाषणांचं रेकॉर्डिंग सुरू केलं. तेव्हा टेप नव्हती. ध्वनिमुद्रणाच्या तबकड्या काही मिनिटांत भरायच्या आणि सारख्या बदलाव्या लागायच्या. तोवर बंद खोलीत समुपदेशक काय करतो हे फक्त त्याच्या आठवणीतून कळायचं. आता लॉग तपासावा तसं वाक्य न् वाक्य तपासता येऊ लागलं. १९४२ च्या ‘काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी’ या पुस्तकात त्यांनी एका केसच्या आठही भेटींचा शब्दशः वृत्तांत छापला. सल्ले देणारा समुपदेशक स्वतःच किती जास्त बोलतो, हेही अशा रेकॉर्डिंगमुळे उघडं पडलं. येणाऱ्याला ते पेशंटऐवजी क्लायंट म्हणू लागले, कारण दुरुस्त करायची वस्तू म्हणून त्याच्याकडे बघायचं नव्हतं.

१९४५ ते १९५७ ते शिकागो विद्यापीठात होते. त्यांची प्रसिद्ध त्रिसूत्री याच काळात पक्की झाली. समोरच्याच्या जागी उभं राहून त्याचं जग समजून घेणं, पण आपले पाय सुटू न देणं. त्याला विनाअट स्वीकारणं. आणि स्वतः आतबाहेर एकच असणं, म्हणजे मनात कंटाळा आणि चेहऱ्यावर आस्था असं नाटक न करणं.

पण हे सोपं नव्हतं, खुद्द रॉजर्सनासुद्धा. १९४९ च्या सुमारास एका अतिशय आजारी क्लायंटबरोबर काम करताना ते इतके ओढले गेले की आपण आणि ती यांतली सीमाच पुसट झाली. आपल्यालाच वेड लागेल या भीतीनं ते काम सोडून हेलनबरोबर निघून गेले आणि दोन-तीन महिने परतले नाहीत. परत आल्यावर आपल्याच एका सहकाऱ्याकडे क्लायंट म्हणून बसले. इतक्या मोठ्या माणसानं हे लपवलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

१९५१ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्यांनी संवादावर एक व्याख्यान दिलं. क्लॉड शॅनन यांचा कम्युनिकेशनचा गणिती सिद्धांत तीनच वर्षांपूर्वी, १९४८ साली आला होता. त्यात प्रेषक, माध्यम, गोंगाट आणि ग्राहक आहेत, पण संदेशाच्या अर्थाशी देणंघेणं नाही. आमच्या नेटवर्कमध्येही पॅकेट मिळालं की पलीकडून पोच येते. पोच म्हणजे मिळालं, समजलं नव्हे. रॉजर्स यांचं म्हणणं असं की माणसांमधला मोठा अडथळा म्हणजे ऐकताक्षणी चूक-बरोबर ठरवायची आपली घाई. त्यावर त्यांनी एक नियम सुचवला. वाद चालू असताना दुसऱ्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल इतक्या अचूकपणे सांगितल्याशिवाय आपलं बोलायचं नाही. वाक्य परत म्हणायचं ते तपासायला. बरोबर समजलं की नाही, हे ठरवणार बोलणारा. एलायझात आणि रॉजर्समध्ये हाच फरक! आपल्या पद्धतीचं असं पोपटीकरण झालेलं पाहून ते इतके वैतागले की कित्येक वर्षं त्यांनी या विषयावर फारसं बोलणंच टाळलं.

पुढे विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवरचा त्यांचा मोठा प्रकल्प मनासारखा झाला नाही. सहकाऱ्यांत भांडणंही झाली. मग ते कॅलिफोर्नियात ला होया इथं गेले. उत्तर आयुष्यात त्यांनी बेलफास्टच्या प्रोटेस्टंट आणि कॅथलिकांना, दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या-काळ्यांना समोरासमोर बसवलं. आणि घरी? हेलनच्या लांबलेल्या आजारपणात आपल्याला ओझं वाटत होतं, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १९७९ मध्ये हेलन गेल्या. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी, खुब्याचं हाड मोडल्यानंतर काही दिवसांतच, रॉजर्स गेले. ती त्रिसूत्री प्रत्येक दुखण्याला पुरते असं आजचे तज्ज्ञ मानत नाहीत. पण समुपदेशक आणि क्लायंट यांच्यातलं नातं महत्त्वाचं, हे मात्र सर्वमान्य झालं आहे.

एका शनिवारी मी तो नियम बाबांवर चालवून पाहिला. झोपेचा विषय मीच काढला आणि सल्ला गिळला. थोड्या वेळानं म्हटलं, बाबा, म्हणजे रात्री एकटं वाटतं, असंच ना? ते म्हणाले, नाही रे, रात्रीचं काही नाही. संध्याकाळी दिवा लावला की लावला म्हणून सांगायला कुणी नसतं, आणि तेच रात्रभर डोक्यात राहतं. दोन वर्षांत मला हे माहीत नव्हतं. माझा अंदाज चुकला होता, पण चूक दुरुस्त करायला मी या वेळी जागा ठेवली होती. फोन पन्नास मिनिटं चालला. बाबांना झोप अजूनही कमीच लागते. पण आता रोज दिवा लावला की त्यांचा मेसेज येतो, आणि मी मीटिंगमध्ये असलो तरी उत्तर देतो.

या दिवाळीत घरी फोन कराल तेव्हा सल्ल्याआधी एवढं एकदा करून बघा. सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!